चष्मा कुणी काढला?

या पानावरचे अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर वाचता वाचता हसते. निर्जन रस्ता, पांढरी साडी, मागे वळून पाहिलं तर कोणीच नाही... असं काही आलं की नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवते आणि आमचा संध्याकाळचा चहा मजेत होतो. मी बेळगावात पीयू कॉलेजला, म्हणजे अकरावी-बारावीला, फिजिक्स शिकवते. भूत, भानामती, नजर यातलं काही मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय. पण जे झालं ते झालं, आणि मी तिथे होते.

न मानण्याचं श्रेय माझं नाही, आमच्या आप्पांचं. आप्पा म्हणजे माझे वडील. निपाणीजवळच्या एका गावात आमचं घर — गावाचं नाव मुद्दामच देत नाही, का ते पुढे कळेल. घरात देव्हारा नव्हता. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि बावीस प्रतिज्ञा. मी लहान असताना मला कावीळ झाली, तेव्हा आत्तीनं कुठूनसा मंतरलेला दोरा आणला होता. आत्ती म्हणजे आप्पांची थोरली बहीण, आमच्या घराला लागूनच तिचं घर, मधली भिंत एकच. आप्पांनी तो दोरा मुकाट्याने घेतला आणि तिच्यादेखत एका तुटक्या ब्रशचे केस बांधायला वापरला. आत्ती महिनाभर बोलली नाही. मी डॉक्टरच्या औषधाने बरी झाले.

आप्पा बोर्ड पेंटर होते. आमच्या सीमाभागात या धंद्याला मंदी कशी ती नाही. आधी मराठीत बोर्ड रंगवायचा, मग हुकूम निघाला की त्याच बोर्डावर कन्नड वर आणि मोठं करायचं, मध्येच कोणी डांबर फासून गेलं की परत पहिल्यापासून. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी माझ्या पोरीचं शिक्षण केलं, असं आप्पा सगळ्यांना सांगायचे. 

ते डावरे होते. डाव्या हाताने लिहायचे, आणि मराठी अक्षरांवरची रेघ आपण डावीकडून उजवीकडे ओढतो ना, ती ते उलटी ओढायचे. ब्रश जिथे टेकतो तिथे रंग जाड पडतो आणि पुढे पातळ होत जातो. त्यामुळे आप्पांच्या बोर्डावरची रेघ उजव्या टोकाला जाड असायची. निपाणीच्या बाजारातली जुनी माणसं लांबून बघून सांगायची, हा डावऱ्या पेंटरचा बोर्ड.

फ्लेक्स आला आणि तो धंदा बसला. आप्पांच्या हाताखाली शिकलेल्या सदानं निपाणीत फ्लेक्सचं दुकान टाकलं. आप्पांनी नाही टाकलं. ते तैलचित्रं करत राहिले, कुणाचे आजोबा, कुणाचे गुरुजी. आई गेल्यावर तर त्यांना तेवढंच उरलं होतं.

मग गावात नवीन बुद्धविहार बांधायला घेतला आणि आप्पांनी कमिटीला शब्द दिला, की बाबासाहेबांचं मोठं चित्र मी करून देणार. जन्मभर दुकानांची नावं रंगवली, आता हे एक मनासारखं करतो, म्हणाले. एका जुन्या फोटोवर चौकोन आखून त्यांनी तो माणसाएवढ्या कॅनव्हासवर उतरवला. कोट झाला, टाय झाला, हातातलं पुस्तक झालं. कपाळ तर असं उतरलं होतं की मी बघतच राहिले. उरला फक्त चष्मा. चष्मा त्यांच्याकडे नेहमी शेवटी. आधी डोळे पुरे करायचे, ते वाळू द्यायचे, मग त्यावर चष्म्याची काळी रेघ — ती एका दमात. मध्ये ब्रश उचलला की सांधा दिसतो आणि चष्मा तारेचा वाटतो, असं त्यांचं म्हणणं.

आणि नेमका तेव्हाच त्यांचा हात थरथरायला लागला. आधी थोडा होताच, चहाच्या कपातून कळायचं. आता ब्रश कॅनव्हासजवळ नेला की डावा हात वाऱ्यावरच्या पानासारखा. कंपवात, डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. 

बिनचष्म्याचे बाबासाहेब तसेच आमच्या पुढच्या खोलीत उभे राहिले. आणि गंमत अशी, की चष्मा नाही तर कुणाला ते बाबासाहेब वाटेनात. आत्ती म्हणायची हे कुणीतरी हेडमास्तर. कमिटीतल्या एका तात्यांना आपले मामा दिसले. लोक येत, मान तिरकी करून बघत आणि काही न बोलता चहा पिऊन जात. शेवटी कमिटीनं आडून आडून सुचवलं, की उद्घाटन वैशाखातल्या पौर्णिमेला आहे, तोवर नाही झालं तर फ्लेक्स लावू, तोही चांगला येतो हल्ली. आप्पा म्हणाले फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत फिका पडतो, फिके पडलेले बाबासाहेब बघत बसणार का तुम्ही. पण लोक गेल्यावर ते बराच वेळ हाताकडे बघत बसले. हे चित्र विहारात लागलं नाही तर हा माणूस मनातून संपेल, हे मला तेव्हा लख्ख कळलं.

सदाला मात्र त्यांनी फोनवर ठोकून दिलं होतं, की चित्र झालंय, वाळतंय. शिष्यापुढे कमीपणा नको. हे मला नंतर कळलं आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

पौर्णिमेला थोडे दिवस उरले असताना मी त्यांना बेळगावला आणलं. डॉक्टरांनी गोळ्या बदलायच्या म्हणून दवाखान्यात दाखल करून घेतलं. निघताना मी मोबाईलवर चित्राचा एक फोटो काढला, नवऱ्याला दाखवायला. तो फोटो माझ्याकडे अजून आहे. त्यात चष्मा नाही. घराला कुलूप लावलं, किल्ली आत्तीकडे दिली आणि निपाणीहून बस पकडली.

दवाखान्यात आप्पा सगळ्यांचे लाडके झाले. नर्स येता-जाता कन्नडमध्ये विचारायची, अज्जा, ऊट आयता, म्हणजे जेवण झालं का. आप्पा अस्सल कन्नडमध्ये तिला उत्तरं द्यायचे आणि ती खूश. पण ती वळली की हे वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला पेनानं गोल काढून बघायचे. एकही गोल जुळत नव्हता. एका सकाळी त्यांनी पेन बाजूला ठेवलं आणि मला म्हणाले, "सदाला सांग. त्यो उजवा हाय, पर हात बरा हाय त्येचा. चष्मा काढ म्हणावं त्येला."

हे म्हणायला त्यांना काय लागलं असेल ते मला माहीत आहे. मी लगेच बाहेर येऊन फोन लावला. सदा दुकानात होता, मागे मशीन घरघरत होतं. मी म्हटलं, आप्पा म्हणतायत तू घरी जा आणि चष्मा काढ, किल्ली आत्तीकडे आहे. त्यानं मशीन बंद केलं. मग म्हणाला, बघतो ताई. मला वाटलं, गुरूच्या चित्राला हात लावायचं दडपण आलं असेल.

त्याच दिवशी दुपारी जेवणानंतर आप्पांना झोप लागली. मी शेजारी पेपर तपासत बसले होते. झोपेत कंप थांबतो, हे काही गूढ नाही, या आजारात तसंच असतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी इतके दिवसांनी तो हात एवढा शांत बघून बरं वाटलं. अंगठा आणि दोन बोटं जुळलेली, पंजा चादरीपासून किंचित वर. जागे झाले तेव्हा घामाघूम होते. मान चोळत म्हणाले, "चिंधी कुठाय गं?" मी हातरुमाल दिला. त्यांनी डाव्या हाताची बोटं एकेक करून पुसली, ब्रशचं काम संपल्यावर पुसायचे तशीच, आणि रुमाल परत दिला. मी हसले. स्वप्नात कुणाचा बोर्ड रंगवलात, असं विचारलं. त्यांना काही आठवत नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी आम्ही गावी परतलो. आत्तीकडून किल्ली घेतली, मी कुलूप काढलं, दार लोटलं... आणि समोर बाबासाहेब उभे होते. चष्म्यासह. मी तुम्हाला सांगते, मी भ्यायले वगैरे नाही, उलट इतका आनंद झाला. एका रेघेने तो अनोळखी चेहरा एकदम आपला झाला होता. दोन गोल, मधला दुवा, कानाकडे जाणाऱ्या काड्या — कुठे सांधा नाही, कुठे डगमग नाही. मनात म्हटलं, सदाने जीव ओतला. आप्पा मात्र उंबऱ्यातच थांबले होते. मग आत येऊन खुर्चीवर बसले आणि बघत राहिले. दुसऱ्यानं काढला म्हणून वाईट वाटत असेल, असं मी धरून चालले.

सदाचे आभार मानायला मी फोन शोधत होते, तेवढ्यात त्याची मोटरसायकलच दारात आली. आम्ही येणार हे त्याला आत्तीनं कळवलं होतं. तो चपला काढता काढताच बोलायला लागला, मान खाली घालून, पाठ करून आल्यासारखा.

"आप्पा, रागावू नका. मी काय चष्मा काढाय आलो न्हाय आणि येणार बी न्हाय. तुम्ही एवढा काढलेला चष्मा मी का म्हणून काढू? आजारपणात माणसाला आपलंच काम वंगाळ दिसतंय."

क्षणभर मला काहीच कळेना, आणि मग हसूच फुटलं. मी फोनवर 'चष्मा काढ' म्हटलं, म्हणजे रंगव. त्यानं ऐकलं, पुसून टाक. चित्र झालंय असं आप्पांनीच त्याला सांगितलेलं, मग तो दुसरं काय समजणार? आपल्या भाषेत चित्र काढायचं तेही काढायचं, आणि नाकावरचा चष्मा उतरवायचा तोही काढायचाच. मी त्याला सगळं समजावून सांगितलं, तोही कपाळाला हात लावून हसला. मग आमचं दोघांचं हसणं एकदमच थांबलं. कारण सदानं चष्मा काढला नव्हता. कुठल्याच अर्थानं.

आत्तीला बोलावलं. ती म्हणाली, किल्ली तिच्या कनवटीलाच होती, अंघोळीलासुद्धा सोडली नाही, घरात कोणी आलं नाही. मग आप्पांकडे वळून म्हणाली, "तूच आलतास की रं." एका दुपारी तिला भिंतीपलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला होता, टर्पेंटाइनचा वास आला होता. तिनं आप्पांना हाक मारली, बाळू, आलास व्हय रं? आणि तिकडून, "आलो गं," असं उत्तर आलं. आप्पांच्याच आवाजात. ती भाकरी बांधून घेऊन आली तर दाराला कुलूप. वाटलं, विहाराकडे गेला असेल, येईल. किल्ली आपल्याच कनवटीला आहे हे तिच्या डोक्यातच आलं नाही, आणि मग कामाच्या नादात ती विसरून गेली. कुठली दुपार, हे विचारल्यावर तिनं सांगितलं आणि मला तो हातरुमाल आठवला.

मी जवळ जाऊन चष्म्याच्या रेघेला बोट लावलं. बोटाला किंचित काळा रंग लागला. स्टुलावर आप्पांचा लांब केसांचा बारीक ब्रश होता, केस अजून दमट. सदानं चित्राशी डोळा नेला, एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं. रेघ उजवीकडून सुरू झाली होती. उजवीकडे जाड, डावीकडे पातळ. 

"आप्पा," तो हळूच म्हणाला, "हात तुमचाच हाय."

आत्तीनं चित्रापुढे हात जोडले. बाबासायबांनी आपला आपण चष्मा घातला, म्हणाली, आणि सदाला कोपऱ्यावरून एक नारळ घेऊन यायला सांगितलं.

तो नारळाचा शब्द आप्पांना असा लागला की ते ताडकन उठले. त्यांनी चिंधी घेतली, टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि चित्राकडे निघाले. चष्मा पुसायला. मी आडवी गेले.

"सर बाजूला," ते म्हणाले. "कुणी काढला मला म्हाईत न्हाय. मी काढला म्हणून सांगितलं तर खोटं हुतंय. न्हाय काढला म्हणून सांगितलं तर उद्या हितं उदबत्त्या लागतील, नवस सुरू हुतील. ज्या माणसानं आमच्या मानगुटीवरनं हे सगळं उतरवलं, त्येच्यापुढंच नारळ फोडायचा? त्यापरास फ्लेक्स लावू दे."

मला रडू आलं. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं आणि मला ते अजिबात नको होतं. जन्मात एकदा त्यांना हवी तशी रेघ आली होती, मग ती कशीही येवो. मी म्हटलं, आप्पा, कोणाला सांगणार नाही, आत्तीही सांगणार नाही, पण पुसू नका. ते म्हणाले, मला तर म्हाईत हाय न्हवं. मी बाजूला झाले.

ते चित्राजवळ गेले. हात थरथरत होता, चिंधीतून टर्पेंटाइन फरशीवर ठिबकत होतं. हात वर केला... आणि थांबले. मान तिरकी केली. एक डोळा मिटला. दोन पावलं मागे आले, परत पुढे गेले. मी हे बघणं लहानपणापासून ओळखते, बोर्ड देण्याआधी ते असंच बघायचे. 

"काचंवर उजेड न्हाय," ते म्हणाले.

म्हणजे काचेवरची चमक. चष्मा काढला की काचेवर ते पांढऱ्याचा एक बारीक ठिपका द्यायचे, काच आहे हे त्याशिवाय कळत नाही. ज्याने कोणी रेघ काढली होती त्याने तो दिला नव्हता. आप्पांनी चिंधी खाली ठेवली आणि माझ्याकडे पांढरी ट्यूब मागितली. सदा मनगट धरायला पुढे झाला, त्याला कोपरानेच मागे सारलं. उजव्या हाताने डावा हात धरला, श्वास रोखला आणि ठिपका दिला. तो चुकला. काचेच्या मध्ये न पडता खाली घसरला, अर्धा काळ्या रेघेवर, अर्धा गालावर.

सदा जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, आता हे कोसळणार. आणि आप्पा चक्क हसले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना तसं हसताना बघत होते.

"चुकलं," ते म्हणाले. "बरं झालं. आता माणसाचं काम झालं हे. आता सही कराय हरकत न्हाय."

खाली कोपऱ्यात त्यांनी सही केली. बराच वेळ लागला. अक्षरं वेडीवाकडी आली आणि वरची रेघ, उजवीकडून डावीकडे ओढलेली, ओल्या दोऱ्यासारखी लहरत गेली. मग ते आत्तीकडे वळून म्हणाले, नारळ आणलाच तर चटणी कर. आत्ती पुटपुटत गेली, पण तिच्या वतीने मी दिलेला शब्द तिने पाळला. मरेपर्यंत कुणाजवळ काही बोलली नाही.

पौर्णिमेला चित्र विहारात लागलं. लोक दारातच थबकत होते आणि हात जोडून जयभीम म्हणत होते, ते चित्राला नव्हे, आप्पांना. कमिटीच्या तात्यांनी विचारलं, एवढा हात कापतोय मग चष्मा कसा जमला हो? आप्पा म्हणाले, सही माझी हाय, काय चुकलं असंल तर मला सांगा. खोटंही नाही आणि खरंही नाही. मी पलीकडे उभी राहून ऐकत होते आणि मला त्यांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

आता आप्पा नाहीत. मी माझ्या परीने सगळं तपासून पाहिलं आहे. निघण्याआधीच त्यांनी चष्मा काढला असेल आणि मला दिसला नसेल, तर मोबाईलवरचा फोटो आड येतो. दुसरा कोणी डावरा माणूस कौलं काढून उतरला असेल, तर असा पेंटर आमच्या पंचक्रोशीत सदाला ठाऊक नाही, आणि कौलं जागच्या जागी होती. आत्तीच्या कानांवर मी विश्वास ठेवणार नाही, पण बोटाला लागलेल्या रंगाचं काय करू? नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणतो, सोडून दे. कॉलेजमध्ये मुलांना मी सांगते की समजत नसेल तर समजत नाही असं स्पष्ट लिहा. म्हणून इथे लिहिते आहे. गावाचं नाव मात्र विचारू नका. तुमच्यातला एखादा नारळ घेऊन निघेल.

मध्यंतरी विहारात गेले होते. शाळेची मुलं अभ्यासाला बसली होती. त्यातल्या एका मुलीने विचारलं, बाबासाहेबांच्या गालावर ते पांढरं काय आहे, रंग सांडलाय का? मी म्हटलं नाही, तो उजेड आहे, जरा खाली पडलाय. चष्मा कुणी काढला ते मला आजही सांगता येत नाही. तो ठिपका मात्र माझ्या वडिलांचा आहे, तो देताना मी त्यांना पाहिलंय.